गोंदियाच्या सीमेवर शहीद झालेले आशिष शर्मा कोण होते? आणि त्यांची आठवण नेमकी कोणी ठेवायची?

१८ नोव्हेंबर २०२५ ला तुमच्या फोनवर एकच बातमी फिरत होती. आंध्र प्रदेशातल्या मारेडुमिल्लीच्या जंगलात माडवी हिडमा मारला गेला होता. हिडमाचे फोटो, हिडमाचा इतिहास, हिडमावरचे रील्स. नक्षल चळवळीबद्दल कधीच न बोलणारी माणसंसुद्धा त्या दिवशी स्टेटस टाकत होती.

दुसऱ्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या जंगलात एक पोलीस निरीक्षक मारले गेले. त्यांचं नाव आशिष शर्मा. ही बातमी आली, पण हिडमाच्या गदारोळात बऱ्याच जणांच्या फीडपर्यंत पोहोचलीच नाही. महाराष्ट्रात तर आणखी कमी. कारण शर्मा होते मध्य प्रदेश पोलिसांचे, आणि चकमक झाली होती छत्तीसगडच्या हद्दीत.

मग गोंदियाचा यात संबंध काय? संबंध आहे, आणि तो समजून घ्यायचा तर एकदा नकाशा उघडावा लागेल.

नेमकं काय झालं होतं?

मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या पोलिसांची संयुक्त मोहीम सुरू होती. नक्षलवाद्यांची एक तुकडी या तिन्ही राज्यांच्या सीमेवर फिरते आहे, अशी माहिती होती. छत्तीसगडच्या राजनांदगाव जिल्ह्यात, बोरतलाव पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या कंघुर्रा गावाजवळच्या जंगलात समोरासमोर गोळीबार झाला. मध्य प्रदेशच्या हॉक फोर्सचं पथक पुढे होतं आणि शर्मा त्याचं नेतृत्व करत होते. त्यांना गोळ्या लागल्या. जखमी अवस्थेत त्यांना डोंगरगडच्या रुग्णालयात नेलं, पण ते वाचले नाहीत.

डोंगरगड म्हणजे बम्लेश्वरी देवीचं डोंगरगड. गोंदिया-भंडाऱ्यातल्या कित्येक घरांतली माणसं नवरात्रात तिथे जातात. विदर्भातल्या वाचकाला हे ठिकाण किती जवळचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

आशिष शर्मा कोण होते?

ते मूळचे मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूर जिल्ह्यातल्या बोहानी गावचे. हॉक फोर्समध्ये त्यांची ओळख पुढे राहून पथक चालवणारा अधिकारी अशी होती. शौर्यपदक त्यांना याआधीच मिळालेलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बालाघाटच्या रौंदा जंगलात झालेल्या चकमकीनंतर त्यांना मुदतीआधी बढती मिळाली होती. म्हणजे ते मारले गेले तेव्हा खांद्यावरची निरीक्षकपदाची निशाणी जेमतेम काही महिन्यांची होती.

त्यांचं लग्न ठरलं होतं. जानेवारीत होणार होतं.

२० नोव्हेंबरला बोहानीत शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुख्यमंत्री मोहन यादव श्रद्धांजली वाहायला नरसिंहपूरला आले. धाकट्या भावाला पोलीस दलात नोकरी आणि गावात शर्मा यांच्या नावानं उद्यान व क्रीडांगण, अशा घोषणा झाल्या.

ज्या हॉक फोर्समध्ये ते होते, ती मध्य प्रदेशची नक्षलविरोधी फौज आहे. आपल्याकडे गडचिरोलीत १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचं खास पथक उभं केलं, तेच सी-६०. आंध्रचं ग्रेहाउंड्स त्याच्या एक वर्ष आधीचं. मध्य प्रदेशचं हॉक फोर्स २००० सालचं. त्याच्या थोडंसं आधी, डिसेंबर १९९९ मध्ये, मध्य प्रदेशचे तेव्हाचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांना नक्षलवाद्यांनी बालाघाट जिल्ह्यातल्या त्यांच्याच गावात मारलं होतं. राज्याच्या मंत्र्याची घरात शिरून हत्या. बालाघाट हा गोंदियाचा शेजारी जिल्हा. गोंदियातून बालाघाटला बाजारहाटाला, दवाखान्याला, सोयरिकीला लोक सहज जातात.

तीन राज्यांची सीमा म्हणजे काय प्रकरण आहे?

हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर गोंदियाहून पूर्वेकडे निघा. आमगाव, धानोली, सालेकसा, मग दरेकसा. दरेकसा हे महाराष्ट्रातलं शेवटचं स्टेशन. त्याच्यापुढचं स्टेशन बोरतलाव, ते छत्तीसगडमध्ये. हे तेच बोरतलाव, ज्याच्या ठाण्याच्या हद्दीत शर्मा मारले गेले. मधे डोंगर आहे, बोगदा आहे आणि दाट जंगल. एक्स्प्रेस गाडीतल्या प्रवाशाला राज्य बदललेलं कळतही नाही.

दरेकसाजवळच कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि चार-पाच राज्यांतून भाविक येतात. त्यांच्यासाठी ही सीमा कधी नव्हतीच. गावं, नाती, देव सगळं दोन्हीकडे. सीमा सरकारी कागदावर होती, आणि पोलिसांसाठी होती.

नक्षलवाद्यांनी हेच हेरलं. सालेकसा तालुक्यातून उत्तरेला गेलं की बालाघाट, पूर्वेला गेलं की राजनांदगाव. एका राज्याच्या पोलिसांनी पाठलाग केला की दुसऱ्या राज्यात निघून जायचं. पोलिसाला दुसऱ्या राज्यात जायचं तर कळवाकळवी, परवानग्या, समन्वय. जंगलात चालणाऱ्या दलमला असं काहीच लागत नव्हतं. गोंदिया जिल्ह्यात हिंसाचार गडचिरोलीपेक्षा कमी राहिला, याचं एक कारण हेही सांगितलं जातं की हा भाग त्यांच्यासाठी ‘रेस्ट झोन’ होता. थांबायचं, खायचं, दम घ्यायचा, पुढे निघायचं. जिथे विसावा घ्यायचा तिथे कशाला धमाका करायचा?

२०१५-१६ च्या सुमारास माओवाद्यांनी या पट्ट्याला रीतसर नाव दिलं. महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड, म्हणून एमएमसी झोन. बस्तरमध्ये दबाव वाढत होता, म्हणून मैकल डोंगररांगांच्या आधारानं कान्हाच्या दिशेनं नवा तळ पसरवायचा, हा त्यामागचा विचार. या झोनचा प्रमुख होता मिलिंद तेलतुंबडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातला. १३ नोव्हेंबर २०२१ ला गडचिरोलीतल्या मर्दिनटोल्याच्या चकमकीत तो मारला गेला.

थोडक्यात, नक्षलवाद्यांच्या नकाशावर गोंदिया, बालाघाट आणि राजनांदगाव हा एकच प्रदेश होता. आपल्या नकाशावर ती तीन राज्यं. आशिष शर्मा त्या एकाच प्रदेशात, तिन्ही राज्यांसाठी चाललेल्या कामात गेले.

आणि ते पहिले नव्हते. २० फेब्रुवारी २०२३ ला याच बोरतलाव ठाण्याच्या हद्दीत, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, छत्तीसगड पोलिसांच्या दोन कर्मचाऱ्यांना सकाळच्या वेळी गोळ्या घालण्यात आल्या. मोठी चकमक वगैरे काही नव्हती. दोघं मोटारसायकलवरून ड्युटीवर गेले होते. त्याआधी १२ जुलै २००९ ला राजनांदगाव जिल्ह्यातल्या मदनवाडा भागात जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक विनोदकुमार चौबे आणि त्यांचे २८ सहकारी मारले गेले. एका जिल्ह्याचा एसपीच! चौबेंना पुढे मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. गोंदियापासून राजनांदगाव रेल्वेनं दोन तासांच्या आत आहे, तरी हे नाव महाराष्ट्रात किती जणांनी ऐकलंय?

नऊ दिवसांनी गोंदियात काय घडलं?

शर्मा गेल्यानंतर तीन दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, एमएमसी झोनचा प्रवक्ता ‘अनंत’ याच्या नावानं एक पत्र बाहेर आलं. पत्र तिन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना उद्देशून होतं. आम्हाला शस्त्रं खाली ठेवायची आहेत, पण सगळ्या साथीदारांपर्यंत निरोप पोहोचवायला वेळ लागेल, म्हणून १५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत मुदत द्या आणि तोवर मोहिमा थांबवा, अशी त्यात मागणी होती. काही दिवसांतच दुसरं पत्र आलं आणि त्यात तारीख अलीकडे आली, १ जानेवारी.

प्रत्यक्षात तेवढंही थांबावं लागलं नाही. २८ नोव्हेंबरला हा प्रवक्ता आणखी दहा जणांसह गोंदिया पोलिसांसमोर हजर झाला. एकूण ११ जण. ७ डिसेंबरला बालाघाटमध्ये मुख्यमंत्र्यांसमोर १० जणांनी शस्त्रं ठेवली. ८ डिसेंबरला छत्तीसगडच्या खैरागड जिल्ह्यात रामधेर मज्जी ११ साथीदारांसह शरण आला. ११ डिसेंबरला बालाघाटमध्ये उरलेले दोघं आले. ज्या झोननं दहा वर्षं तीन राज्यांच्या पोलिसांना पळवलं, तो दोन आठवड्यांत संपला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सोशल मीडियावर अशा घटनांची सरळ साखळी जोडली जाते. ‘शर्मांच्या बलिदानामुळे नक्षली शरण आले’ असं वाक्य लिहायला सोपं आहे, पण घडामोडी तशा एका धाग्यात बसत नाहीत. १५ ऑक्टोबरलाच माओवाद्यांचा मोठा नेता भूपती गडचिरोलीत साठ साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शरण आला होता. संघटनेत शस्त्रं सोडायची की नाही यावर उघड फूट पडली होती. केंद्र सरकारनं ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवण्याची तारीख जाहीर केलेली होती, त्यामुळे मोहिमांचा जोर वाढला होता. शर्मा मारले गेले ती चकमक याच शेवटच्या टप्प्यातली.

आणि मला यातली सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट हीच वाटते. सगळं संपायला आलं होतं. ज्या तुकड्यांच्या मागावर ते होते, त्याच झोनमधली माणसं नऊ दिवसांनी हात वर करून बाहेर आली. लढाईच्या सुरुवातीला गेलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो की त्यानं वाट करून दिली. पण शेवटच्या नऊ दिवसांत गेलेल्याबद्दल काय म्हणायचं, हे पटकन सुचत नाही.

‘शहीद’ हा शब्द सरकारी आहे का?

बातमीत, बॅनरवर, चौकाच्या पाटीवर आपण ‘शहीद’ लिहितो. पण सरकारी नियमात या शब्दाची व्याख्याच नाही. ना सैन्यासाठी, ना पोलिसांसाठी. केंद्रीय गृह मंत्रालयानं संसदेत एकापेक्षा जास्त वेळा हे सांगितलेलं आहे. कागदावर ‘कर्तव्यावर असताना मृत्यू’ किंवा ‘कारवाईत मृत्यू’ अशा नोंदी होतात आणि कुटुंबाला मिळणारी मदत, निवृत्तिवेतन, अनुकंपा नोकरी हे सगळं त्या नोंदीवर अवलंबून असतं.

नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्राची सुरक्षाविषयक खर्चाची वेगळी योजना आहे. नक्षली हिंसेत मारले गेलेले जवान आणि सामान्य नागरिक, दोघांच्या कुटुंबांना दिलेल्या सानुग्रह मदतीचा खर्च त्यातून राज्यांना परत मिळतो. २०२४ मध्ये देशातल्या ३८ जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे दोन जिल्हे होते, गडचिरोली आणि गोंदिया. बाकी पदक, बढती, स्मारक, गावाला निधी यातलं बरंचसं राज्य सरकार ठरवतं. म्हणून एकाच चकमकीत दोन राज्यांचे पोलीस गेले, तर त्यांच्या घरच्यांना मिळणारी मदत सारखीच असेल असं नाही.

मग आठवण कुठे ठेवली जाते?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. गोंदियापासून मुंबईपर्यंत प्रत्येक पोलीस मुख्यालयात त्या दिवशी सकाळी परेड होते, शोकशस्त्र दिलं जातं, हवेत फैरी झाडल्या जातात आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात.

ही तारीख १९५९ ची. लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज भागात गस्तीवर गेलेले काही जण परतले नाहीत, म्हणून अधिकारी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी त्यांना शोधायला गेली. चिनी सैन्यानं तिच्यावर हल्ला केला. १० पोलीस मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला, म्हणजे तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ. तेव्हा सीमेवर सैन्य नव्हतं, पोलीस होते. पुढच्या जानेवारीत पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस पाळायचं ठरलं.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला त्याचं उद्घाटन झालं. काळ्या ग्रॅनाइटचा ३० फूट उंच आणि २३८ टन वजनाचा एकसंध दगड, आणि बाजूला नावांची भिंत. उद्घाटनावेळी स्वातंत्र्यापासूनच्या शहीद पोलिसांचा आकडा ३४,८४४ होता. या भिंतीचं वेगळेपण असं की तिथे सगळी राज्यं एकत्र येतात. एरवी प्रत्येक राज्य, प्रत्येक जिल्हा आपापल्या दलाची नावं जपतो. गोंदियाच्या सीमेवर गेलेला मध्य प्रदेशचा अधिकारी मध्य प्रदेशच्या यादीत. बोरतलावला गेलेले दोघं छत्तीसगडच्या यादीत. ज्या सीमेचा फायदा नक्षलवाद्यांनी घेतला, तीच सीमा आठवणीतही उभी राहते.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. शहरात गेलेल्या पोलिसांना आपण नावानं ओळखतो. तुकाराम ओंबळे म्हटलं की गिरगाव चौपाटी, कसाबची बंदूक आणि साताऱ्यातलं केडंबे गाव आठवतं. कोळ्याच्या एका प्रजातीलाही त्यांचं नाव दिलं गेलं. हेमंत करकरे म्हटलं की २६ नोव्हेंबरची रात्र आठवते. हेच करकरे कधीकाळी चंद्रपूरचे पोलीस अधीक्षक होते आणि तिथल्या जंगलातल्या वाळक्या लाकडांपासून शिल्पं करायचे, हे मात्र विदर्भाबाहेर फार जणांना माहीत नसतं.

जंगलात गेलेल्या पोलिसांची ओळख मात्र आकड्यानं होते. २००९ या एका वर्षात गडचिरोलीत मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस गेले. हत्तीगोट्याच्या १६ मध्ये पाच महिला पोलीस होत्या. २०१९ च्या महाराष्ट्र दिनाला जांभूळखेड्याला १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना हे आकडे पाठ असतात. यातलं एक नाव विचारलं तर?

दोन नावं सांगते. १७ मे २०२०, लॉकडाऊन सुरू होता. भामरागड तालुक्यातल्या पोपटपूर-कोपर्शी जंगलात उपनिरीक्षक धनाजी होनमाने आणि शिपाई किशोर आत्राम शहीद झाले. होनमाने पंढरपूर तालुक्यातले. आत्राम भामरागडचेच. एक राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेला, एक त्याच मातीतला. त्या दिवशी आपण सगळे घरात बसून करोनाचे आकडे बघत होतो.

पोलिसांची ही यादी तरी कुठेतरी वाचली जाते. याच पट्ट्यात ‘खबऱ्या’ ठरवून मारलेले गावकरी, पोलीस पाटील, कोतवाल यांची नावं कुठल्या परेडमध्ये येत नाहीत. गावाबाहेरच्या रस्त्यावर प्रेत आणि शेजारी लाल शाईतलं पत्रक, असं कित्येक वर्षं चाललं. रात्री नक्षली आले तर जेवण द्यायचं आणि सकाळी पोलीस आले की त्याचा जाब द्यायचा, या कात्रीत सीमेवरची गावं जगली. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२५ चा अर्थ आपल्यापेक्षा फार वेगळा आहे.

आशिष शर्मांचं नाव कधी वाचलं जाणार?

स्मृतिदिनाची यादी कॅलेंडरच्या वर्षाप्रमाणे होत नाही. आदल्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांची नावं २१ ऑक्टोबरला वाचली जातात. शर्मा गेले १९ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे त्या वर्षीच्या परेडनंतर चार आठवड्यांनी. त्यामुळे त्यांचं नाव २१ ऑक्टोबर २०२६ च्या यादीत येतं. ही यादी देशभराची असते. बालाघाटला जी नावं वाचली जातात, तीच गोंदियाच्या पोलीस मुख्यालयातही वाचली जातात.